सिलिकॉनच्या जॉइंटची खरी हकीकत

निलंग्याला माझ्या साडूंच्या नातवाचे बारसे होते. पंगत बसली होती आणि साडू वाढप्यांवर देखरेख करता करता लोकांना सांगत होते, "आमच्या साडूंनी लातूरच्या कॉलेजची तार घरच्या गॅसवर लाल केली, सांडशीनं धरली अन् चिकटवून टाकली! शास्त्रज्ञ बघतच राहिले!" लोक हसले. माझ्या तोंडात जिलेबी होती, म्हणून मी त्या वेळी बोललो नाही. आता बोलतो. गॅस नव्हता, सांडशी नव्हती आणि ती तारही नव्हती. साडूंचे आडतीचे दुकान आहे. पोत्याचे तोंड सुतळीने शिवणे एवढाच त्यांचा जोडकामाचा अनुभव. त्यांनी या विषयात बोलू नये.

साडूंचे एक वेळ सोडून देता येईल. पण लातूरचे प्राध्यापक भर सभेत "योगायोगाने" हा शब्द वापरतात, माझी पत्नी शेजारणींना तिसरेच काही सांगते, आणि माझ्या हयातीत माझ्याच हातच्या कामाच्या इतक्या आवृत्त्या निघाव्यात हे मला मान्य नाही. म्हणून हे लिहीत आहे.

मी टेलिफोनच्या खात्यात जॉइंटर होतो. जमिनीखालून जाणाऱ्या केबलची दोन टोके जोडणारा माणूस तो जॉइंटर. आधी तांब्याच्या तारा जोडल्या, नंतर काचेचे फायबर आले. केसाएवढ्या काचेची दोन टोके समोरासमोर आणायची, विजेच्या ठिणगीने क्षणभर वितळवायची आणि एकजीव करायची. या ठिणगीला आम्ही आर्क म्हणतो. नांदेडपासून किनवटपर्यंत आणि तिकडे इस्लापूरच्या रानापर्यंत काळ्या मातीच्या खड्ड्यांत बसून मी जे जॉइंट केले, त्यांतला एकही माझ्या हाताच्या दोषाने सुटला नाही. नांगराने आणि जेसीबीने तोडले ते वेगळे. त्यांचा हिशोब माझ्याकडे नाही.

माझे उस्ताद जुन्या वळणाचे होते. जॉइंट झाला की ते हलकेच ओढून पाहायला लावत. "खींच के देखना मियाँ," म्हणत, "टूटना है तो हाथ में टूटे, गड्ढे में नको." ती सवय माझ्या बोटांत उतरली. न ओढता मी एकही जॉइंट सोडलेला नाही. पुढे मशीन स्वतःच ताण देऊन तपासू लागले, तरी मी ओढत असे. मशीनचा तपास मशीनपाशी, माझा माझ्यापाशी.

ही झाली एक सवय. या हकीकतीत दुसरीही एक सवय आहे, आणि ती माझी नाही, माझ्या पत्नीची आहे. आमच्या घरात चहाची दुसरी हाक नसते. लग्नाच्या पहिल्या महिन्यात मी पेपर वाचत बसलो आणि चहा गार झाला. तिने तो माझ्यासमोर जास्वंदीच्या कुंडीत ओतला आणि आत गेली. तेव्हापासून ती एकदाच हाक मारते आणि मी एकदाच ऐकतो. हे भय नव्हे. याला घराची शिस्त म्हणतात.

आता भाची. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी लातूरला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते आणि तिथेच पीएचडी करते. गेल्या उन्हाळ्यात ती लोहा-अहमदपूर मार्गे एसटीने नांदेडला आली आणि पिशवीतून अगरबत्तीची पुठ्ठ्याची नळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटले, देवासाठी काही आणले. तिने नळी हळूच कलंडवली, तशा वीतभर लांबीच्या काचेच्या चार काड्या बाहेर आल्या. त्यांना मोगऱ्याचा वास येत होता.

"मामा, हात नका लावू. लई नाजूक हाय हे."

"मला शिकवतेस?"

"तुमचं फायबर वेगळं, हे वेगळं. बघा तर आधी."

भिंगाखाली पाहिले. बाहेरून काच, आमचीच, ओळखीची. पण मध्ये जिथे आमच्या फायबरात काचेचाच गाभा असतो तिथे एक काळी रेघ होती. सिलिकॉन. कॉम्प्युटरच्या चिपमध्ये असते ते. त्यातून डोळ्यांना दिसणारा उजेड जातच नाही. टेलिफोनच्या फायबरातून आम्ही पाठवतो तो न दिसणारा उजेड मात्र जातो, आणि आत गेल्यावर म्हणे काचेत होत नाहीत असली कामे करतो. भाचीची अडचण एवढीच होती की तो आत जात नव्हता. साध्या काचेच्या फायबरातून आलेला उजेड सिलिकॉनच्या तोंडाशी आला की बराचसा भिंतीवर आपटल्यासारखा मागे फिरायचा, आणि उरलेला गाभ्यात न शिरता बाजूने सांडायचा. काचेत उजेड ऐसपैस चालतो, सिलिकॉनमध्ये त्याला अंग चोरून चालावे लागते. वितळवून जोडावे, तर सिलिकॉन काचेच्या आधी पाणी होते, आणि गोठताना बर्फासारखे फुगते. जॉइंटच्या जागी ज्वारीच्या दाण्यासारखी गाठ धरते किंवा काच फोडून बाहेर येते.

"किती वाया गेले?" मी विचारले.

"होते तेवढे सगळे. या चार काड्या राहिल्यात. जिथं हे फायबर काढतात तिथून आता आणखी मिळणार न्हाई. मामा, एक जॉइंट दाखवून भागत न्हाई. बाहेरचे परीक्षक येणार. तसाच जॉइंट दुसऱ्यांदा करून दाखवला तरच मानतील. न्हाईतर चार वर्षांचं काम कपाटात."

ती हे सांगताना काड्यांकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. लहानपणी पाटी फुटली तेव्हा अशीच तुकड्यांकडे पाहत बसली होती.

माझ्याकडे खात्याने निकामी ठरवलेले, फायबर जोडायचे एक जुने मशीन आहे. त्याचे झाकण लागत नाही आणि उजव्या चिमट्याचे रबर झिजलेले आहे. त्या बाजूचे फायबर हाताने ओढले तर सरकते. पण त्यात एक गुण आहे, जो नव्या मशीनमध्ये नाही. ते माझे ऐकते. बटण दाबून धरले तोवर आर्क चालू, सोडले की बंद. मी विचार केला, सिलिकॉन आधी वितळते ना, मग त्याला आच द्यायचीच कशाला? आर्क दोन टोकांच्या मधोमध न ठेवता साध्या काचेकडे सरकवायचा, मंद ठेवायचा, आणि सिलिकॉनला नुसती शेजारची धग लागू द्यायची. कृपया वाचकांनी लक्षात ठेवावे, हे डोके माझे. याबद्दल कोणाच्याही आवृत्तीत वाद नाही, कारण कोणाच्याही आवृत्तीत याचा उल्लेखच नाही.

दुपारचे चार वाजले होते. टोके कापली, पुसली, समोरासमोर आणली, बटण दाबले. भाची उजेड मोजायचे मीटर धरून उभी होती. मशीनच्या पडद्यावर काच मऊ होऊ लागलेली मला दिसत होती. आणि आतून हाक आली, "अहो, चहा झालाय!"

पुढच्या क्षणाबद्दलच सगळा वाद आहे, म्हणून नीट सांगतो. हाक आली म्हणजे उठणे आले. पण जॉइंट ओढून पाहिल्याशिवाय मी उठत नाही. माझा डावा अंगठा बटणावर, आणि उजव्या हाताने मी फायबर ओढले; आर्क बंद होण्याच्या आधी. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. गरम जॉइंट कोणी ओढत नाही. फायबर इवलेसे सरकले, मी बटण सोडले आणि चहाला गेलो.

मी कपात फुंकर घालत होतो तेव्हा भाची दारात आली. "मामा, उजेड गेला."

"वीज गेली?"

"न्हाई हो! आत गेला उजेड! मीटर बघा!"

पडद्यावर पाहिले. जॉइंटपाशी सिलिकॉनची काळी रेघ ओढली जाऊन दाभणाच्या टोकासारखी निमुळती झाली होती. भाचीने मला समजावले ते असे: सपाट तोंड असले की उजेडापुढे एकदम भिंत येते. टोक निमुळते असले की भिंतच उरत नाही. काचेतला ऐसपैस उजेड त्या टोकाभोवती येतो, टोक जाड होत जाते तसा हळूहळू आत ओढला जातो आणि त्याला कळायच्या आत सिलिकॉनमध्ये पोचलेला असतो. जावयाला घरजावई करतात तसे.

त्याच संध्याकाळी माझ्या पत्नीने शेजारी जाऊन सांगितले, "मी हाक मारली म्हणून जमलं." मी आवाज चढवून तिला खोडून काढले. हाक कोणीही मारते. ओढणारा हात माझा होता.

पुढच्या आठवड्यात लातूरला गेलो. भाचीचे मार्गदर्शक सर सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांना जे स्वतःला जमत नाही ते योगायोगाने झाले असे वाटते. त्यांनी पहिल्यांदा विचारले, मोगऱ्याच्या वासाचा काही परिणाम झाला असेल का? मग म्हणाले, "काका, आता आपण हे शास्त्रशुद्ध करू." शास्त्रशुद्ध म्हणजे नवे मशीन, आपोआप चालणारे. पहिली काडी त्यांनी त्यात घातली. टुणकन आवाज, पडद्यावर ज्वारीचा दाणा. काडी गेली.

दुसरी मी घेतली. माझे जुने मशीन मी मांडीवर घेऊन एसटीतून आणले होते. टेबलाभोवती सात-आठ जण वाकलेले, सर मोजत होते, "एक, दोन, आता ओढा काका!" मी ओढले. दोन तुकडे झाले. याला कारण सरांचे मोजणे आहे. आकड्यांवर हात चालत नसतो.

आता एकच काडी उरली. भाचीने ती अगरबत्तीच्या नळीत परत ठेवली आणि नळी दोन्ही हातांत धरून बसून राहिली.  मग तिने आपली वही उघडली आणि नांदेडच्या दिवसाची नोंद वाचली. तापमान, आर्क, अंतर, आणि शेवटी: मामीने चहासाठी हाक मारली.

सर चष्मा काढून म्हणाले, "हा घटक आपण वगळला आहे."

मला वाटले, ते थट्टा करत आहेत. पण शास्त्रज्ञ थट्टा करत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे. त्यांनी भाचीला फोन लावायला सांगितला, पत्नीची हाक मोबाइलवर रेकॉर्ड करून मागवली, आणि साध्या फायबरवर माझी रंगीत तालीम घेतली. मी बटण दाबले, मागून मोबाइल ओरडला, "अहो, चहा झालाय!" मी हललोसुद्धा नाही. पुन्हा वाजवली. आवाज वाढवला. व्हरांड्यातून वाजवली.

"काका, हात का हलत नाही?"

"मोबाइलमधली बायको चहा कुंडीत ओतून देत नसते," मी म्हणालो. हे त्यांनी वहीत लिहून घेतले.

तिसऱ्या दिवशी पत्नी लातूरला आली. सोबत पातेले, गाळणी, आले आणि घरच्या कुंडीतला गवती चहा.

सर म्हणाले, "काकू, चहा करायची गरज नाही. तुम्ही फक्त हाक मारा."

"चहा न्हाई अन् चहाची हाक मारू? मी खोटं बोलत न्हाई."

"अहो पण प्रयोगशाळेत खाद्यपदार्थांना बंदी आहे."

"मग बंदीतच बसा. मी जाते."

सरांनी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला. विषय: प्रयोगास आवश्यक असलेला चहा व्हरांड्यात उकळण्याची परवानगी मिळणेबाबत. प्राचार्यांनी विचारले, किती चहा? सरांनी उत्तर दिले, मूळ प्रयोगात दोन कप होता. परवानगी मिळाली. दोन कपांचीच.

व्हरांड्यात विजेची शेगडी मांडली गेली. आत मी, माझे मशीन आणि शेवटची काडी. बाकीच्यांना मी बाहेर काढले. फक्त भाची मीटर धरून उभी होती, त्या दिवशीसारखीच.

आता मी जे सांगणार आहे ते माझ्या विरुद्ध जाते. तरी सांगतो, कारण खोट्या आवृत्त्यांची तक्रार करणाऱ्याने स्वतःची अर्धीच सांगू नये. मी मनाशी ठरवले होते की हाकेवर हात हलू द्यायचा नाही. हाक येईल, जाईल. त्यानंतर मी माझ्या मर्जीने, माझ्या अंदाजाने ओढीन. म्हणजे प्राध्यापक, पत्नी, साडू, सगळ्यांची तोंडे एकदम बंद होतील. माझ्या मानासाठी मी भाचीची चार वर्षे पणाला लावली होती, आणि तिला ते माहीत नव्हते.

बटण दाबले. काच मऊ होऊ लागली. आले उकळल्याचा वास आला. "अहो, चहा झालाय!"

हात हलला नाही. मी जिंकलो होतो. पडद्यावर पाहिले तर काच वाकू लागली होती आणि सिलिकॉनच्या रेघेच्या टोकाला गोलाई येत होती. ज्वारीचा दाणा धरण्याच्या आधी येते ती गोलाई. आता ओढायला हवे, मला कळत होते. किती ओढायचे, ते कळत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोटांनी मला विचारले, आणि मला उत्तर आले नाही. भाचीने मीटरवरची नजर काढून माझ्याकडे पाहिले.

तेव्हा दाराच्या फटीतून, अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल इतक्या हळू, दुसरी हाक आली.

"अहो. गार होतोय."

लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. दुसरी हाक मी कधी ऐकली नव्हती. मी दचकलो तो नखशिखांत. अंगठा बटणावर तसाच होता आणि उजवा हात आपण होऊन मागे आला, इवलासा, पहिल्या वेळेइतकाच. मग बटण सुटले, आर्क बंद झाला.

 भाचीने मीटर माझ्यापुढे धरले. आकडा नांदेडसारखाच होता. मग ती खाली बसली आणि रडू लागली, आणि सर आत आले आणि पडद्यावरचे निमुळते टोक पाहून म्हणाले, "अप्रतिम योगायोग." मी त्या वेळी त्यांच्याशी भांडलो नाही, एवढे त्यांचे नशीब. व्हरांड्यात गेलो. चहा खरोखर गार झाला होता. कुंडीत ओतलेला नव्हता. मी प्यालो.

परीक्षक आले, दोन्ही जॉइंट पाहिले, भाचीला पदवी मिळाली. आता सरांनी फायबर ओढायला एक चिमुकली मोटार बसवली आहे. साध्या फायबरवर तिची चाचणी चालते. आर्क चालू असतानाच ती ठरल्या क्षणी ठरल्याइतके ओढते. पोरे तिला मामी म्हणतात. याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती भाचीच्या प्रबंधाला. त्यात लिहिले आहे, "एका श्राव्य संकेतानंतर ताण देण्यात आला." एका! मी लातूरला जाऊन सांगितले, दुरुस्त कर. ती म्हणाली, "मामा, मी तिथंच उभी होते. मला एकच हाक ऐकू आली." सरांना विचारले, ते व्हरांड्यात होते, त्यांनीही एकच ऐकली. बरे, पत्नीला विचारावे, तर तिने हातातली गाळणी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी? दुसरी हाक? उगाच काही बोलून राहिलात. मी मारत नसते, तुम्हाला ठावूक हाय."

मला ठाऊक आहे. म्हणूनच सांगतो. तो हात मी ओढला नाही, तिने ओढवला. याबाबतीत मी भाचीला, सरांना, निलंग्याच्या साडूंना आणि खुद्द माझ्या पत्नीलाही जुमानणार नाही. दुसरी हाक आली होती. कोणी काहीही म्हणो, ती मी ऐकली आहे.